पाऊस पडला, माळ हिरवा झाला, पण हे गवत नव्हे

कोरडवाहू · २८ जून, रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचक आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सलग दोन पावसाळे जवळपास कोरडे गेले. यंदा पंधरा दिवसांपूर्वी पहिला दमदार पाऊस झाला आणि आठवड्यात माळ हिरवागार. मी खुशीत गुरं सोडली. गाई फिरल्या, हुंगलं, आणि परत फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. मग वाकून बघितलं. हिरवं म्हणजे गाजरगवत, तरोटा, सराटा आणि मधेमधे काटेमाठ. गवताचे जुने ठोंब आहेत, पण करडे पडलेत. ओढले की निम्मे हातात येतात.

बांधावर एकवीस झाडं आहेत, म्हणजे होती. कडुनिंब जास्त, काही बाभळी, दोन जांभळं, एक जुना आंबा. त्यातली सात पार वाळल्यासारखी दिसत होती, म्हणून मे महिन्यात पाच तोडली. परवा त्यातल्या एका कडुनिंबाच्या बुडातून लालसर पालवी बाहेर आली. तेव्हापासून मन खातंय.

माळ पाच एकर. गाई नऊ, मेंढ्या चौदा. दुष्काळात सगळी माळावरच होती, वैरण बाहेरून आणून तिथेच टाकत होतो.

बेत असा आहे: तणनाशक मारून माळ साफ करायचा, नांगरून नवं बी टाकायचं, उरलेली दोन वाळकी झाडं पाडायची. योग्य आहे का?

नांगरधारी · २८ जून, रात्री १०:०५

एवढा विचार कशाला? आधी फवारा, आठवड्याने नांगर, मग बी. दुष्काळाने माळ मोकळा करून दिलाय तर घ्या फायदा. वाळकं झाड उभं ठेवून काय मिळणार, सरपण तरी होईल.

बांधावरून · २८ जून, रात्री १०:१२

पाच तोडून झाल्यावर "तोडू का?" विचारणारे तुम्ही काही पहिले नाही. मनाला लावून घेऊ नका.

मुळाक्षर · २८ जून, रात्री ११:३०

नांगर राहू द्या, आधी खुरपं घ्या.

माळावर चार जागा निवडा. एक उंचवट्यावर, एक सखल, एक झाडाखाली, एक फाटकाजवळ. प्रत्येक ठिकाणी दहा ठोंब मुळासकट काढा आणि बुडखा उभा चिरा. वरची करडी काडी बघूच नका, ती मागेच मेलीय. बुडखा आत पांढरट, घट्ट, ओलसर असेल तर गवत जिवंत. तपकिरी, पोकळ, बोटांत चुरा होणारा असेल तर गेलं. दहात तीन-चार जरी जिवंत निघाले तरी नांगर घालू नका. तेवढे ठोंब दोन हंगामांत जे करतील ते विकतच्या बियाण्याला जमणार नाही.

बारमाही गवताचा फुटव्याचा डोळा जमिनीलगत असतो. म्हणून चरलं, कापलं, जाळलं तरी ते पुन्हा फुटतं. पण ती पहिली फूट पानांच्या कमाईवर येत नाही, बुडख्यात आणि मुळांत ठेवलेल्या शिलकीवर येते. दुष्काळात पान आधी जातं, कमाई बंद होते, मग मुळं आखडायला लागतात. त्यातच चुकार पावसाने चार कोवळी पानं आली आणि जनावराने ती खाल्ली, की शिलकीतला शेवटचा पैसाही खर्ची पडतो. तुमचे ठोंब ओढल्यावर हातात येतात ते मुळं उरली नाहीत म्हणून.

अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रँकलिन क्रायडर यांचे १९५५ साली छापलेले प्रयोग याबाबतीत फार बोलके आहेत. गवताचं निम्म्यापर्यंत पान एकदा छाटलं तर मुळांची वाढ जवळजवळ चालूच राहते. ८० टक्के छाटलं तर ती साफ थांबते, आणि दहा-बारा दिवस थांबूनच राहते. हे पाणी भरपूर असताना. कोरड्या जमिनीत काय होत असेल ते तुम्हीच ताडा.

नुसत्या दुष्काळाने गवत मरत नाही, चराईनेच मरतं, असं मात्र मी म्हणत नाही. नेब्रास्काचे जॉन वीव्हर हे खंदक खणून गवताची मुळं मोजणारे माणूस. १९३४ च्या दुष्काळात त्यांनी न चरलेल्या कुरणांतलीही मूळची गवतं ठिकठिकाणी नाहीशी होताना पाहिली. एक जात गेली, तिच्या जागी दुसरी पसरली, आणि पाऊस परतल्यावरही जुनी घडी बसायला वर्षानुवर्षं लागली. चराईची भर पडते तिथे हे सगळं जास्त वेगाने आणि जास्त खोलवर होतं, इतकंच.

शेळ्यामेंढ्या · २९ जून, सकाळी ६:५०

मुळाक्षर यांनी शास्त्र सांगितलं, मी माझी चूक सांगते.

पहिल्या दुष्काळात मी आशेवर बसले. "पुढच्या आठवड्यात येईल" करत करत सगळा कळप माळावर ठेवला. शेवटी जनावरं हाडं झाल्यावर विकली आणि माळही गेला. दोन्हीकडून बुडाले. त्यानंतर दारामागे एक तारीख लिहून ठेवली: या दिवसापर्यंत अमुक पाऊस झाला नाही तर कळप निम्मा करायचा. त्या दिवशी आशेचं काही ऐकायचं नाही. दुसऱ्या दुष्काळात ते पाळलं. जनावरं अंगाने बरी असतानाच गेली आणि माळ दोन पावसांत सावरला.

आणि वैरण टाकायचीच तर एका कोपऱ्यात टाकायची. तो कोपरा उजाड होणार हे धरून चालायचं, बाकी माळाला खुराची धूळही लागू द्यायची नाही. कोरडवाहू, तुम्ही पाचही एकरांवर टाकलीत ना? मग पाचही एकरांनी किंमत मोजली.

कोरडवाहू · २९ जून, सकाळी ८:१५

हो ताई, सगळीकडे टाकली. "एका जागी तुडवायला नको" म्हणून मुद्दाम फिरवून टाकत होतो. उलटंच केलं म्हणायचं.

खुरपं घेऊन आत्ताच जाऊन आलो. चाळीस ठोंब चिरले. उंचवट्यावर दहात एक जिवंत, सखल भागात पाच, फाटकाजवळ शून्य. आंब्याखाली दहात सात! झाडाने पाणी ओढून गवत मारलं असेल, अशी माझी समजूत होती.

मुळाक्षर · २९ जून, सकाळी ९:००

बरेच जण तसंच समजतात. दाट सावलीत आणि पाण्याच्या ओढाताणीत गवत मार खातं, हे नेहमीच्या वर्षात खरंही असतं. पण कडक कोरड्या वर्षात पारडं फिरू शकतं. सावलीत जमीन कमी तापते, पाचोळ्यामुळे ओल टिकते, गवताचं पान कमी करपतं. आणखी एक गंमत आहे. काही खोल मुळांची झाडं रात्री खालच्या ओलीतून पाणी वर आणतात आणि त्यातलं थोडं वरच्या कोरड्या मातीत पाझरतं. दिवसा पानांची ओढ असते तेव्हा ते पानांकडे जातं, रात्री ओढ थांबली की मुळांतून मातीत झिरपतं. १९८७ च्या सुमारास एका वाळवंटी झुडपावर हे दाखवलं गेलं, पुढे इतर झाडांतही सापडलं. तुमच्या आंब्याने नेमकं हेच केलं असेल, असा दावा मी करणार नाही. पण सात ठोंब त्याच्याच छायेत वाचले, हे तुम्ही स्वतः मोजलंय.

नांगरधारी · २९ जून, दुपारी १:२०

मोजा हो ठोंब. तोवर गाजरगवत फुलेल आणि पुढची दहा वर्षं मोजत बसाल. एका झाडाला हजारोंनी बी धरतं, माहितीये ना?

शेळ्यामेंढ्या · २९ जून, दुपारी १:४५

त्यांचा हा मुद्दा खरा आहे हं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येतं. वेळ खरंच कमी आहे.

मुळाक्षर · २९ जून, दुपारी ३:१०

मान्य. एका चांगल्या पोसलेल्या गाजरगवताला पंधरा-वीस हजार बिया सहज धरतात आणि पुरलेलं बी वर्षानुवर्षं उगवायच्या बेतात पडून राहतं. फक्त ते आलं कुठून ते बघा. दुष्काळाने तण आणलं नाही. बी मातीत आधीपासून होतं, गवताच्या दाटीखाली त्याला उजेड मिळत नव्हता. गवत गेलं, जागा झाली, उजेड आला, आणि पहिल्या पावसाला वर्षभराचं साठलेलं नत्रही आयतं मिळालं. हंगामी तण म्हणजे दुष्काळ बी होऊन झोपून काढणारी जात. बारमाही गवताला तो जागेपणी काढावा लागतो.

आता माळ नांगरलात तर तीच मोकळी जागा पाच एकर करून द्याल, खालचं बी वर आणाल, उरलेले ठोंब उलथून टाकाल. शिवाय धूळ. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातली गवताळ जमीन नांगराखाली आली होती, त्यात दुष्काळ पडला, आणि १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी मातीची जी भिंत उठली तिच्यामुळे भरदिवसा अंधार झाला. गवताची मुळं होती तोवर तीच जमीन त्याआधीचे दुष्काळ जागच्या जागी झेलत आली होती.

नांगरधारी · २९ जून, सायंकाळी ५:०५

माझ्या शेतात लव्हाळा आणि कुंदा आहे. कोरड्या वर्षी खोल नांगरट केली, गाठी-काशा उन्हात वर आणल्या, दोन महिने तापू दिल्या. तण निम्म्यावर आलं. हे पण खोटं का?

मुळाक्षर · २९ जून, सायंकाळी ५:४०

अजिबात खोटं नाही. लव्हाळ्याची गाठ वाळण्यापुढे हतबल असते. ती वर आणून कडक उन्हात पडू दिली की मरते, आणि दुष्काळात पाऊस येऊन ती पुन्हा रुजायची भीती कमी. पिकाच्या रानात कोरडं वर्ष ही त्यासाठी उत्तम वेळ. पण रान वेगळं, माळ वेगळा. रानात नांगर चालवताना तुम्हाला काही वाचवायचं नसतं.

बांधावरून · २९ जून, सायंकाळी ५:४४

मुळाक्षर आणि नांगरधारी यांचं एकमत! धागा इथेच बंद करावा.

गोठ्याकडे · २९ जून, रात्री ९:१५

बंद करू नका, महत्त्वाचं राहिलंय. मी गुरांचा डॉक्टर आहे. दुष्काळात जितकी जनावरं उपासमारीने मरताना पाहिली, जवळजवळ तितकीच पाऊस पडल्यानंतरच्या पंधरवड्यात विषबाधेने गेलेली पाहिली. कोरडवाहू, तुमच्या गाई फाटकाशी परत आल्या हे नशीब समजा. भुकेलं जनावर इतकं चोखंदळ राहत नाही.

पहिला काटेमाठ. पाणी नसताना झाडाची वाढ थांबते पण मुळं नायट्रेट ओढत राहतात, ते खोडाच्या खालच्या भागात साठतं. पाऊस पडल्यावर पहिले काही दिवस सगळ्यात वाईट, कारण मुळं धडाक्याने ओढतात आणि पानं अजून ते वापरायला लागलेली नसतात. काटेमाठ, ज्वारी, मका, बाजरी, सगळ्यांत हे होतं. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते. रक्त चॉकलेटी दिसतं, जनावर धापा टाकतं, तोल जातो.

दुसरं, ज्वारीचा करपलेल्या ताटाला आलेला कोवळा फुटवा. याला किराळ लागणं म्हणतात. हा सायनाइडचा प्रकार. यात रक्त उलट लालभडक असतं. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून घरी प्रयोग करू नका, डॉक्टरला बोलवा आणि जनावराने काय खाल्लं ते दाखवायला झाड उपटून ठेवा.

फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्वारी कापून नीट वाळवली की सायनाइड बरंच उडून जातं. नायट्रेट मात्र वाळवून जात नाही, कडब्यात तसंच राहतं. मुरघास केला तर ते पुष्कळ कमी होतं. आणि कापायचंच तर बुंधा वीतभर उंच सोडून कापा, साठा तिथेच असतो.

सराट्याबद्दल मेंढ्यांवर लक्ष ठेवा. कोरड पडून पाऊस, पुन्हा ऊन, अशा काळात कोमेजलेला सराटा खाऊन यकृत बिघडतं, उन्हात तोंड आणि कान सुजतात, कातडी पिवळी पडते. दक्षिण आफ्रिकेतले मेंढपाळ या दुखण्याला त्यांच्या भाषेत "पिवळं जाड डोकं" म्हणतात, नावातच लक्षणं आली. अशी मेंढी दिसली की आधी सावलीत घ्या. घाणेरी खाल्लेल्या गाईचंही असंच, यकृत आणि ऊन. बेशरम खाल्लेल्या शेळीला तर त्याची चटक लागते, मग चांगला चारा सोडून तीच शोधते आणि पुढे पाय लटपटायला लागतात.

उपाय साधा आहे. उपाशी जनावर माळावर सोडायचं नाही. सकाळी गोठ्यात कोरडी वैरण पोटभर, मग दुपारी तासभर बाहेर.

शेळ्यामेंढ्या · २९ जून, रात्री ९:५०

बेशरमचा अनुभव घेतलाय डॉक्टर. कुंपणापलीकडून वास काढत जायची एक शेळी. शेवटी झुडूपच खणून काढलं तेव्हा सुटका.

नांगरधारी · ३० जून, सकाळी ७:२०

बरं, नांगर मागे घेतो. फवाऱ्याचं काय? रुंद पानाचं तणनाशक मारलं तर गवताला धक्का लागत नाही. हे तरी मान्य करा.

मुळाक्षर · ३० जून, सकाळी १०:३०

अर्धं मान्य. टू-फोर-डी सारखं औषध मोठ्या गवताला सोडतं, पण आत्ता उगवलेल्या दोन पानी गवताच्या रोपांना इजा करू शकतं, आणि माळावरच्या रानमूग, रानशेंगांसारख्या कडधान्य वेलींना तर नक्कीच. त्या गेल्या की जमिनीत नत्र कोण भरणार? पाच एकर सरसकट मारण्याऐवजी दाट पट्टे उपटा किंवा फुलाआधी कापा. जमीन ओली असताना गाजरगवत मुळासकट येतं. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं. एकदा अंगावर पुरळ उठायला लागलं की ते कायमचं मागे लागतं.

दुष्काळ चालू असताना फवारणं तर पैसे मातीत घालणं आहे. तहानलेल्या पानावर मेणाचा थर जाड होतो, रंध्रं मिटलेली असतात, आतला रस धिमा चालतो, त्यामुळे औषध मुळापर्यंत जातच नाही. ग्लायफोसेट हे सरसकट मारणारं तणनाशक तर पानावरच्या धुळीलाच चिकटून निकामी होतं. वरचं पान करपतं, माणूस खूश होतो, तण महिन्याने फुटतं.

गोठ्याकडे · ३० जून, सकाळी ११:०५

एक जोड. फवारलेलं तण मरता मरता जनावरांना जास्त गोड लागतं आणि त्यात नायट्रेटही वाढू शकतं. एरवी न खाल्लेलं तेव्हा खातात. फवारलं तर गुरं लांब ठेवा.

सावली · १ जुलै, दुपारी २:००

झाडांवर कोणी बोलेना, म्हणून लिहिते. कोरडवाहू, दोन झाडं वाचवा. आत्ता पाडू नका.

झाड मेलंय का हे पानावरून कळत नाही. पानं गाळणं ही त्याची काटकसर आहे. नखाने किंवा चाकूच्या टोकाने साल किंचित खरवडा. आधी डहाळी, मग जाड फांदी, मग खोड, शेवटी बुंधा जमिनीलगत, चारही बाजूंनी. खाली हिरवट, ओलं दिसलं तर जीव आहे. डहाळी वाळलेली आणि खोड ओलं असेल तर फक्त शेंडा गेलाय. साल आपोआप सुटून पडत असेल आणि आत कोरडं तपकिरी लाकूड असेल, तेही सगळीकडून, तेव्हाच आशा सोडा. तरी एक पूर्ण पावसाळा आणि पुढची पालवी येईपर्यंत वाट बघा.

झाड मरतं कसं, याच्या दोन वाटा आहेत. मुळापासून पानापर्यंत पाण्याची अखंड तार असते, माती फार कोरडी झाली की ती तार ताणून तुटते आणि नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. असे बुडबुडे वाढले की वरच्या फांद्यांना पाणी पोचत नाही, नंतर पाऊस पडला तरी. दुसरी वाट हळू. पाणी वाचवायला झाड रंध्रं मिटतं, मग हवाही आत येत नाही, अन्न बनत नाही, साठा खाऊन दिवस काढतं. अशा अशक्त झाडात डिंक आणि चीक तयार करायचं बळ राहत नाही, मग खोडकिडा, भुंगेरे शिरतात. बुंध्याशी भुसा पडलेला दिसतो तो त्यांचाच.

म्हणूनच झाडांचा दुष्काळ पाऊस पडल्यावर संपत नाही. टेक्सासमध्ये २०११ च्या दुष्काळाने सुमारे ३० कोटी झाडं गेली, असा तिथल्या वनखात्याचा अंदाज होता. कॅलिफोर्नियात २०१० ते २०१७ मध्ये मेलेल्या झाडांची मोजणी १२ कोटींच्या वर गेली. दुष्काळाने खचलेली बरीचशी झाडं तिथे सालीतल्या भुंगेऱ्यांनी संपवली. तुमची आज हिरवी दिसणारी चौदा झाडंही अजून दोन वर्षं परीक्षेत आहेत.

पाणी द्यायचं तर बुंध्याशी ओतू नका. पाणी शोषणारी बारीक मुळं घेराच्या कडेला आणि त्याही बाहेर, वरच्या हात-दीड हात मातीत असतात. तिथे सावकाश, पंधरा दिवसांतून एकदा, पण खोलवर भिजेल इतकं. रोजचं तांब्याभर पाणी मुळांना वर बोलावतं आणि उन्हात मारतं. पाचोळ्याचं आच्छादन घाला, बुंध्याला मात्र टेकवू नका. खत आत्ता नको, अशक्ताला कोवळी फूट काढायला लावणं बरं नाही. आणि बांधापर्यंत नांगर नेऊ नका, तीच मुळं तुटतात.

कोरडवाहू · १ जुलै, रात्री ८:३०

सावली ताई, खरवडून आलो. उरलेल्या दोनपैकी बाभूळ पूर्ण कोरडी, साल हातात आली. जांभूळ मात्र खोडात ओलं आहे. आंब्याच्या पश्चिमेच्या दोन फांद्या वाळल्यात, बाकी ठीक.

तोडलेल्या पाचात चार कडुनिंब, एक बाभूळ. आता दोन कडुनिंबांच्या बुडातून फुटवे आलेत. त्यांचं काही होईल?

सावली · १ जुलै, रात्री ९:०५

होईल की! कडुनिंब बुडातून चांगला फुटतो आणि मुळं जुनी, तयार असल्याने रोपापेक्षा झपाट्याने वाढतो. सगळे फुटवे यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी जोमदार एक-दोन ठेवून बाकी काढा. जनावरांपासून जपा, बस. बाभूळ मोठी झाल्यावर बुडातून सहसा फुटत नाही, तिची आशा नको. उभी वाळकी बाभूळ वाटेवर किंवा गोठ्यावर झुकलेली नसेल तर राहू द्या, पक्ष्यांना ढोली होईल. झुकलेली असेल तर आधी तीच काढा, वाळकी फांदी सांगून पडत नाही.

बांधावरून · १ जुलै, रात्री ९:३०

सगळी झाडं वाळतात आणि वेडी बाभूळ तेवढी टवटवीत कशी, हे कोणी सांगेल का? आमच्या बांधाला तिच्याशिवाय काही उरलं नाही.

मुळाक्षर · १ जुलै, रात्री १०:४०

तिची मुळं आपल्या विहिरींपेक्षा खोल जातात. तिच्याच कुळातल्या एका झाडाचं मूळ ॲरिझोनातल्या उघड्या खाणीत सुमारे ५३ मीटर खोल सापडलं होतं. त्यात शेंगा ऐन कोरड्या दिवसांत पिकतात, दुसरं काही नसल्याने जनावरं त्या आवडीने खातात, आणि कठीण बी शेणातून न पचता बाहेर पडतं, खतासकट पेरलेलं. दुष्काळ तिच्यासाठी पेरणीचा हंगाम आहे. नुसती तोडली तर एकाच्या जागी आठ खोडं येतात. पहिल्या पावसानंतर माती मऊ असताना वीतभर रोपं उपटणं सगळ्यात स्वस्त. वर्षभराने तेच काम पहारीने करावं लागतं.

गोठ्याकडे · १ जुलै, रात्री १०:५५

शेंगा भरडून खाऊ घाला, बी मरतं. पण नुसत्या शेंगांवर महिनोन्‌महिने जनावर ठेवू नका, जबड्याच्या नसांवर परिणाम होऊन चावताच येईनासं होतं.

शेळ्यामेंढ्या · २ जुलै, सकाळी ७:००

बाहेरून आणलेल्या वैरणीतूनही असंच तणाचं बी येतं हं. कोरडवाहू, वैरण टाकलेल्या जागांवर फेरी मारा. माझ्या माळावर कधी न दिसलेली तीन तणं त्या वर्षी गंजीभोवतीच उगवली होती.

कोरडवाहू · १८ ऑगस्ट, रात्री ९:२०

दीड महिन्याने हजर. नांगर नाही, फवारा नाही. गुरं फाटकाजवळच्या अर्ध्या एकरात कोंडली, तिथे आधीच काही उरलं नव्हतं. घरातली चार माणसं आणि मी रोज सकाळी दोन तास गाजरगवत उपटत होतो. दोन एकर साफ झालं, बाकीच्यात फुलाआधी कापणी केली. ताई, गंजीभोवती खरंच एक अनोळखी काटेरी झुडूप सापडलं, सात रोपं. काढली.

दुसऱ्या मोठ्या पावसानंतर उघड्या चट्ट्यांवर पवन्या आणि मारवेल या चाऱ्याच्या गवतांचं बी माती-शेणात कालवून वरवर फेकलं. सखल भागात उगवलंय. उंचवट्यावर जवळजवळ काही नाही, तिथे जमिनीला पापडी धरलीय, पाणी मुरतच नाही.

मुळाक्षर · १८ ऑगस्ट, रात्री १०:००

पापडी खुरप्याने ठिकठिकाणी फोडा आणि त्यावर काट्याकुट्या, वाळक्या फांद्या टाका. पाणी अडतं, उडणारं बी अडकतं आणि जनावर तोंड घालत नाही. तोडलेल्या बाभळीचे काटे असतीलच! कुसळी आपोआप येईल तिथे. तिच्या बीला पिळदार शेपूट असतं, ओलं-कोरडं होताना ते फिरतं आणि बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं पुरतं. कसाचं गवत नाही, कुसळं मेंढ्यांच्या तोंडाला आणि लोकरीला त्रास देतात, तरी तिला हाकलू नका. फुलायच्या आत चारून घ्या. ती माती धरून ठेवते, पवन्या तिच्या मागून येतो.

कोरडवाहू · २९ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१०

शेवटची खबर. जुलैत खुंट्या ठोकून एक मीटर बाय एक मीटरचे चार चौकोन आखले होते. तेव्हाचे जिवंत ठोंब आणि आजचे: सखल भागात पाचाचे नऊ, आंब्याखाली सहाचे आठ, उंचवट्यावर एकाचा एकच, पण त्याच्याभोवती कुसळीची तेरा रोपं. फाटकाजवळ अर्थात काही नाही. गवताला बी धरून सांडेपर्यंत गुरं आत सोडली नाहीत. गाई सातावर आणल्या, मेंढ्या आठवर. तारीख दारामागे लिहिलीय ताई, ३१ जुलै.

जांभळाला पालवी आली. आंब्याच्या वाळक्या फांद्यांखाली भुसा दिसतोय, तेवढ्या कापून लांब नेऊन जाळल्या.

कडुनिंबाचे फुटवे गुडघ्याच्या वर आले होते. परवा झापा उघडा राहिला आणि मेंढ्यांनी एका बुंध्याचे सगळे खाल्ले. दुसरा शाबूत आहे.

बांधावरून · २९ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१६

मग इथे काय टाइप करत बसलात? जा, आधी दुसऱ्याला काटे लावा.